विषम मॅचअपवर कार्डबंदी हा उपाय नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जादूगार, राक्षस आणि मंत्र यांच्या कार्डांनी खेळल्या जाणाऱ्या द्वंद्वखेळांत काही डेकना, म्हणजे खेळाडूने निवडलेल्या कार्डसंचांना, ठरावीक प्रतिस्पर्धी डेकविरुद्ध (दोन डेकच्या अशा गाठीला मॅचअप म्हणतात) जिंकण्याची फारशी संधीच उरत नाही, म्हणून अशी विषमता निर्माण करणारी कार्डे सरळ बाद करावीत, अशी मागणी आपल्या सदरातील एका पत्रात वाचली. तक्रार रास्त आहे, पण सुचवलेला उपाय मला पटत नाही.

१९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने हा खेळप्रकार रूढ केला, तेव्हापासून विषमता त्याच्या रचनेतच आहे. ढोबळमानाने पाहता, वेगवान अ‍ॅग्रो डेक सावकाश बचाव करत डाव ताब्यात घेणाऱ्या कंट्रोल डेकची घडी बसण्याआधीच त्याला गाठतो, कंट्रोल डेक ठरावीक कार्डे जुळवून एकदम जिंकू पाहणाऱ्या कॉम्बो डेकचा कळीचा मंत्र रद्द करतो आणि कॉम्बो डेक अ‍ॅग्रोकडे दुर्लक्ष करून त्याच्याआधी डाव संपवतो. हे चक्र फिरत असेपर्यंत कोणताही डेक फार काळ माजत नाही. बंदीची वेळ येते ती हे चक्र तुटल्यावर. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘मॅजिक’मधील ‘ओको’ हे कार्ड स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडच्या संचांतील कार्डांच्या, स्पर्धाप्रकारातून बाद झाले. त्याला उतारा म्हणून आणलेल्या प्राण्याचे किंवा वस्तूचे सारे गुण काढून घेऊन ते त्याचे साधे हरीण करून टाकत असे, त्यामुळे बहुतेक उतारे निष्प्रभ ठरत. तिथे बंदी योग्यच होती.

बाकीच्या बहुतेक ठिकाणी प्रश्न कार्डांपेक्षा स्पर्धेच्या स्वरूपाचा असतो, आणि याकडे फारसे कोणी पाहत नाही. समजा, एका डेकला प्रतिकूल मॅचअपमध्ये दर डावाला ४० टक्के संधी आहे. तोच डेक न बदलता तीनपैकी दोन डाव जिंकण्याचा सामना खेळवला, तर सामना जिंकण्याची शक्यता ३५ टक्क्यांवर घसरते. म्हणजे नुसते डाव वाढवल्याने दुबळ्याचे नुकसानच होते. पण पहिल्या डावानंतर साइडबोर्डमधील, म्हणजे डेकबाहेर राखून ठेवलेल्या, १५ कार्डांतून बदल करता आले आणि पुढच्या डावांतील संधी ५५ टक्क्यांवर गेली, तर पूर्ण सामना जवळजवळ बरोबरीचा होतो.

अर्थात साइडबोर्डमध्ये उतारा ठेवला म्हणजे तो हाती येतोच असे नाही. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात कार्डांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ हे कार्ड पहिल्याच हातात आले तर फुकट मांडता येते आणि ग्रेव्हयार्डवर, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगावर, जगणाऱ्या डेकची कोंडी करते. त्यासाठी एकदा मलिगन घेण्याची, म्हणजे हात बदलण्याची, तयारी ठेवली तर ही शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते, मात्र एक कार्ड कमी घेऊन खेळावे लागते. शिवाय समोरचा खेळाडूही दुसऱ्या डावात लेलाइन काढून टाकणारे कार्ड घेऊन बसलेला असतो. म्हणूनच उताऱ्याच्या जोडीला हल्ल्याचा दाब हवा, नाहीतर प्रतिस्पर्ध्याला आपले उत्तर शोधायला आपणच वेळ देतो. उलट टोकाची चूकही सर्रास दिसते. भीतीपोटी दहा-बारा कार्डे बदलली जातात आणि आपला डेक ज्या योजनेवर उभा होता ती योजनाच नाहीशी होते.

कार्डांइतकीच भूमिकेची निवड महत्त्वाची आहे. ‘मॅजिक’वर लिहिणारे मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा आजही लागू पडतो: दोन सारख्या डेकच्या लढतीतही एकाने आक्रमकाची आणि दुसऱ्याने बचावाची भूमिका घ्यावी लागते, आणि जो आपली भूमिका चुकीची ठरवतो तो बहुधा हरतो. कंट्रोलविरुद्ध हातातले सगळे प्राणी एकदम मांडून एकाच विध्वंसक मंत्रात ते गमावणाऱ्याने मॅचअपला दोष देऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

काही मॅचअप सोडून देणेही शहाणपणाचे असते. एखाद्या डेकविरुद्ध संधी ३० टक्के असेल, पण तो डेक दहातल्या एकाच खेळाडूकडे असेल आणि इतरांविरुद्ध आपली संधी ५५ टक्के असेल, तर एकूण संधी ५२ टक्क्यांहून अधिकच राहते. तिथे साइडबोर्डच्या जागा खर्च करणे परवडत नाही.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, एका डावात निकाल लावण्याऐवजी साइडबोर्डसह तीन डावांचा सामना ठेवावा. त्यासाठी ‘मॅजिक’च्या स्पर्धांत फेरीला सहसा ५० मिनिटे दिली जातात आणि एवढा वेळ प्रत्येक स्पर्धेत काढता येत नाही, ही अडचण मला मान्य आहे. अशा ठिकाणी ३० कार्डांच्या डेकच्या ‘हार्थस्टोन’ या डिजिटल कार्डखेळाच्या स्पर्धांतील पद्धत उपयोगी पडेल. तिथे प्रत्येक खेळाडू अनेक डेक घेऊन येतो आणि प्रतिस्पर्ध्याचा एक डेक त्या सामन्यापुरता वगळू शकतो.

आपला,
एक वाचक