पुस्तिकेत माझ्या सासूबाईंसाठीही दोन ओळी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वाध्यायपुस्तिका म्हणजे पालकांच्या खिशाला कात्री, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र मागच्या रविवारी आपल्या अंकात आले होते. खिशाबद्दलचे त्यांचे म्हणणे मला पटले, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण ‘घरात कोणी शिकलेले नसेल तर खेड्यातल्या मुलांना अशा पुस्तिकांचा उपयोग काय’ हा त्यांचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. आमच्या घरी पुस्तिका सगळ्यांत चांगली कोण वापरत असेल तर त्या माझ्या सासूबाई, आणि त्या सही म्हणून अंगठा लावतात.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दहावी झाले आहे, पहिल्या खेपेत नाही. घरची चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत, मुलगा शेजारच्या मोठ्या गावात सातवीत.

आधी माझी चूक सांगते. कोरोनात शाळा बंद होत्या आणि मुलगा तिसरीत गेला होता. १ जुलै २०२१ पासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला. रोजची कृतिपत्रिका फोनवर यायची, आणि आमचा एकुलता फोन सकाळीच नवऱ्याच्या खिशातून वावरात जायचा. शेवटी सरांनी पदरच्या पैशाने झेरॉक्स काढून घरोघरी कागद दिले. सरांनी एवढं केलं तर आपला कागद कोरा जाऊ नये, ही माझी जिद्द. मी सांगायची, तो लिहायचा. एकही कागद कोरा गेला नाही, अक्षरही छान होतं. पुढे पाचवीत त्याच्या मॅडमनी मला बोलावून त्याची वही दाखवली. ६१२ ला ६ ने भागून त्याने १२ उत्तर काढले होते. मधले शून्य गायब. सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला किमान शंभर येतील, एवढाही विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता. यायचा कसा? तोवरचा सगळा विचार मीच करून ठेवला होता.

मुलीच्या वेळी मी शहाणी झाले असं म्हणता येणार नाही. मला वेळच मिळाला नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागते. सकाळी स्वयंपाक करून निघायचं, दिवेलागणीला परत, पाठ मोडलेली. त्यामुळे मुलगी पुस्तिका घेऊन चुलीजवळ आजीपुढे बसू लागली. आजीला वाचता येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून प्रश्न ती स्वतःच मोठ्याने वाचून दाखवते, उत्तर लिहिते आणि वाचून दाखवते. सासूबाईंचा प्रश्न ठरलेला: “हे कसं आलं ते सांग.”

गेल्या महिन्यातली गोष्ट. गणित होते ३०४ वजा १२८. पोरीने २२४ लिहिले. कसं आलं? तर म्हणे, “आठातून चार गेले चार, दोनातून शून्य गेलं दोन, तीनातून एक गेला दोन.” मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच तिने धरून ठेवलेलं, वर कोण, खाली कोण याचा पत्ता नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हेच केले होते, हे मला नंतर कळले. सासूबाईंना आकडे लिहिता येत नाहीत, पण व्यवहारात त्यांना कोणी फसवलेले मी बघितले नाही. चाळीस वर्षे काट्यावर उभं राहून कापूस मोजून घेतलाय त्यांनी. त्यांनी कमरेचा बटवा सोडला. शंभराच्या तीन नोटा आणि एकेकाची चार नाणी खाली मांडली.

“माह्याजोळ चारच रुपये चिल्लर हाये. मले तुले आठ द्याचे हायेत. अन् तू उलटी तुह्या आठातूनच माहे चार काढून राहिली काय वं?”

पोरगी हसली आणि मग गप्प झाली. शेजारच्या किराण्यातून एका शंभराच्या दहाच्या दहा नोटा करून आणल्या. त्यातली एक दहाची नोट पुन्हा मोडली, दहा नाणी आली. आता शंभराच्या दोन, दहाच्या नऊ, आणि चौदा नाणी. त्यातून एक शंभर, दोन दहा आणि आठ रुपये आजीने पोरीच्या हातावर ठेवले. उरले १७६. मी घरी पोचले तेव्हा भाकरीच्या परातीशेजारी पैसे पसरलेले होते आणि पुस्तिकेत २२४ च्या शेजारी १७६ लिहिलेले होते. खोडलेले नव्हते, आजीने खोडू दिले नव्हते.

मी असते तर काय सांगितलं असतं? “हातचा घे.” मलाही तसंच शिकवलं होतं. हातचा कुठून येतो आणि शेजारचा आकडा एकाने कमी का होतो हे मला माझ्या शाळेत कधी कळलं नाही. आताच्या पुस्तकात त्याला दशक सुटा करणे म्हणतात, आणि सासूबाईंनी नोट मोडून नेमकं तेच केलं.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी पडते हेही यातून रोज दिसते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘सत्तर दोन’, ‘पन्नास दोन’ असे वाचन आले तेव्हा किती थट्टा झाली ते आठवत असेल. मीही हसले होते. पण आजी ‘बावन्न’ म्हणते तेव्हा दोन आधी ऐकू येतो आणि पोरगी २५ लिहून बसते, हे मी डोळ्यांनी पाहिले. आता आमच्या घरी दोन्ही चालतं. आजी बावन्न म्हणते, नात “म्हणजे पन्नास दोन” म्हणते, आणि मग लिहिते.

आता खिशाचा मुद्दा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट मिळतात. व्यवसाय मात्र दुकानातून आणावा लागतो (आमच्याकडे सराव पुस्तिकेला सगळे अजून व्यवसायच म्हणतात). तीन विषयांचे घ्यायचे तर दीड-दोन दिवसांची वेचाई गेली. त्यात मागच्या पानांवर उत्तरे छापलेली असतात. ती मी घरी आणल्याबरोबर कात्रीने कापून कपाटात ठेवली. माझ्या जावेची अवस्था याहून वाईट. तिचा मुलगा तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटात जातो. शाळेतूनच पाच वर्कबुकांचा संच घ्यावा लागतो आणि सगळ्या सूचना इंग्रजीत. घरात कोणालाच त्या वाचता येत नाहीत, म्हणून ती ट्युशनवाल्या मुलीला महिन्याचे पैसे देते आणि ती मुलगी पानं भरून घेते. माझ्या मोठ्याच्या वेळी मी जे फुकट केलं तेच तिथे पैसे देऊन चालू आहे.

सरकारनेही मध्ये एक प्रयोग केला. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली, पुस्तकाचे चार भाग केले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू. प्रत्यक्षात पोरांना वेगळ्या वह्या न्याव्याच लागल्या, आणि त्या पानांवर आमच्या घरी तरी बैल, ट्रॅक्टर आणि एकदा किराण्याची यादी निघाली. २०२५-२६ पासून ती पाने काढून टाकली. कोणाला वाईट वाटल्याचे मी ऐकले नाही. माझे म्हणणे एवढेच की कागद तर खर्च होतच होता. त्या प्रत्येक कोऱ्या पानावर दोन चांगली गणिते आणि घरच्या माणसाने विचारायचा एक प्रश्न छापला असता, तर गावोगावच्या घरांत फुकट स्वाध्यायपुस्तिका पोचली असती.

घरच्या माणसासाठी छापता येते, हे मी पाहिलेले आहे. मुलगी पहिलीत जाण्याआधी शाळापूर्व तयारीचा ‘पहिले पाऊल’ मेळावा शाळेत झाला. आम्हा आयांचे गट केले, कार्डे दिली. भाज्या वेगवेगळ्या करा, मोजा, लहान-मोठ्या क्रमाने लावा, ओळीवरून उड्या मारा. चित्रावरूनच समजत होते. माझ्या गटातल्या दोघींना धड वाचता येत नव्हते, तरी पोरींकडून सगळ्यांत जास्त करून घेतलं त्या दोघींनीच. गवार निवडताना मोजायची, एवढं त्यात होतं. पोरगी पहिलीत गेली आणि तसं कार्ड पुन्हा घरी आलं नाही. लेकरू सहा वर्षांचं झालं की आईची गरज संपली असं कुणाला वाटलं की काय, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर पुस्तिका छापणाऱ्यांनी फार विचार केलेला दिसत नाही. गणिताचे पान उघडले तरी पहिले काम वाचायचे असते. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे ज्या पोराने गणिताचे पान कोरे ठेवले त्याला गणित येत नाही की प्रश्नच वाचता आला नाही, हे पान बघून सांगता येणार नाही. आमच्या घरी आजीला वाचता येत नसल्यामुळे पोरीला प्रश्न मोठ्याने वाचावाच लागतो, आणि ती कुठे अडखळली ते लगेच कळते. मी बसले की मीच वाचून टाकते.

शाळेची अडचणही मला कळते. आमच्याकडे एकतीस मुलं, चार वर्ग, दोन शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात बसते. एक सर दोन वर्ग धरतात. त्यांनी प्रत्येक पुस्तिकेचे प्रत्येक पान तपासावे असे मी म्हणणार नाही. पण पानांवर नुसते ‘छान’ आणि चांदणी पडते तेव्हा पोरं चांदणीसाठी एकमेकांचं उतरवून काढतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सरांनी फक्त चुकलेले एक पान मागावे. मी २२४ आणि १७६ चे पान सरांना दाखवले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी खेळण्यातल्या नोटा घेऊन पूर्ण तिसरीलाच बसवलं.

म्हणून माझे मागणे त्या वाचकांपेक्षा वेगळे आहे. पुस्तिका बंद करू नका. सरकारी पुस्तिका द्यायची असेल तर पाठ्यपुस्तकांबरोबर द्या. २०२५ साली विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या, तेव्हाच हातात यायला हवी होती. पानं कमी ठेवा, वेचणीच्या महिन्यांत तर आणखी कमी. उत्तरे शिक्षकांच्या प्रतीत छापा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी घरच्या माणसासाठी असू द्या, ज्या लेकरानेच त्याला वाचून दाखवायच्या: ‘हे कसं आलं ते मला विचारा. चुकलं तर खोडू देऊ नका.’ विकतच्या पुस्तिका काढणाऱ्यांनाही हे करायला काही जास्त शाई लागणार नाही.

आमच्याकडे सध्या रोज अर्धेच पान होते. वर्गातल्या एका मुलीची पुस्तिका भरून संपली म्हणून परवा पोरगी रडत आली होती. आजीने तिला विचारलं, “तिची आजी काय विचारते मंग?” ते विचारायला ती आज तिच्या घरी गेली आहे.

आपली वाचक,
एक माय,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ