वंशावळ गाळून पुढे जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या १७ ओव्यांत येशूची वंशावळ आहे. ती म्हणजे नुसती नावे, असे मानून अनेक जण थेट येशूजन्माच्या वृत्तांताकडे वळतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की या ओव्या गाळू नयेत. देव दिलेला शब्द पाळतो याचा सर्वांत ठोस पुरावा मला त्या नावांत दिसतो.

इस्राएलाचा मूळ पुरुष अब्राहाम याला वचन मिळाले की त्याच्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळे आशीर्वादित होतील. दावीद राजाला सांगितले गेले की त्याचे राजासन सर्वकाळ टिकेल. मत्तय पहिल्याच ओवीत येशूला ‘दावीदाचा पुत्र, अब्राहामाचा पुत्र’ म्हणतो, तो या दोन वचनांना धरूनच. राहाब कनानी, रूथ मवाबी. परक्या कुळांतल्या या स्त्रिया यादीत आहेत, म्हणजे ‘सर्व कुळे’ हे शब्द घराण्याच्या आतच खरे होऊ लागले होते.

पण ही परंपरा अखंड राहील असे वाटण्याजोगी परिस्थिती कधीच नव्हती. राजमाता अथल्येने यहूदाच्या, म्हणजे दावीदाच्या, राजवंशाचा संहार केला, तेव्हा राजकन्या यहोशेबेने योवाश या आपल्या तान्ह्या भाच्याला पळवून सहा वर्षे मंदिरात लपवले. दावीदाला दिलेले वचन त्या काळात एका लेकरावर येऊन ठेपले होते. (मत्तयाने योवाशाचे नाव घेतलेले नाही, मधले तीन राजे तो सोडून देतो. म्हणून ही कथा २ राजे ११ मध्ये मुद्दाम वाचावी.)

त्याहून बिकट प्रसंग यहूदाचा राजा यखन्या याचा. इ.स.पू. ५९७ मध्ये त्याला बंदी करून बाबेलला नेले. यिर्मया संदेष्ट्याच्या मुखाने देव म्हणाला होता की यखन्या माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता, तरी मी त्याला उपटून काढले असते. त्याच्या संतानातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. इथे सारे संपले असे कोणालाही वाटावे. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. गादी गेली, पण बंदिवासातही वंश जिवंत राहिला. पुढे त्याचाच नातू जरूब्बाबेल यरुशलेमेत परतला आणि हाग्गय संदेष्ट्याच्या द्वारे देव त्याला म्हणाला, मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. उपटून काढलेली अंगठी पुन्हा हातात! न्याय आणि विश्वासूपणा इतके जवळ आलेले मला फार थोड्या ठिकाणी दिसतात.

लूकच्या शुभवर्तमानातली वंशावळ दावीदानंतर त्याचा मुलगा शलमोन याच्याऐवजी दुसरा मुलगा नाथान याच्या शाखेने जाते. या फरकाची उत्तरे अभ्यासक वेगवेगळी देतात, पण दोन्ही याद्या दावीद आणि अब्राहाम यांच्यापर्यंत पोहोचतात.

जरूब्बाबेलानंतर मत्तय अबीहूदापासून याकोबापर्यंत नऊ नावे देतो. त्या माणसांविषयी शास्त्रात आणखी काहीच नाही. ना राज्य, ना पराक्रम. याच घराण्यात मरीयेचा पती योसेफ जन्मला.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी या वर्षी मुलांना नाताळच्या कथेतल्या मेंढपाळांच्या आधी यहोशेबा आणि यखन्या यांच्या कथा सांगाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक