‘डोळे मिटा’ म्हटल्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचे दिवस आले की पुरवण्यांमध्ये ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या, समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणा’ असा सल्ला येतो. तो अर्धवट आहे आणि घाबरलेल्याला तो आणखी घाबरवू शकतो.

श्वासाचंच घ्या. खोल श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. गरगरतं, बोटांना, ओठांना मुंग्या येतात. पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) येणाऱ्याला तो नवा अटॅकच वाटतो. श्वास संथ हवा: नाकाने ४ अंक मोजत आत, ६ मोजत बाहेर.

कल्पनाचित्राआधी शरीर सैल व्हायला हवं. स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत शोधणारे अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीचं आज रूढ असलेलं रूप असं: खुर्चीत बसून मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची, एकदम सोडायची आणि अर्धा मिनिट त्या सैलपणाकडेच लक्ष ठेवायचं. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. घाई होते ती सोडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात, आणि शिकायचं तर तिथेच असतं. पोटरीत गोळा येत असेल तर टाच उचलू नये, पावलं आपल्याकडे ओढावीत. सराव रोज १५-२० मिनिटं, काही आठवडे. पेपरच्या सकाळी पहिल्यांदा करून उपयोग नाही.

चित्र रुग्णाचं स्वतःचं असावं. बुडता बुडता वाचलेल्याला समुद्र कसला शांत करणार? ‘निळं पाणी दिसतंय’ असं थेरपिस्टने सांगू नये; ‘पायाखाली काय लागतंय? कसला वास येतोय?’ असं विचारावं. एखाद्याला आजोळच्या पडवीतली सारवलेली गार जमीन सापडते. काहींना मनात चित्र दिसतच नाही, त्यांच्यासाठी आवाज आणि स्पर्श पुरतात. मानसिक आघात सोसलेल्यांनी डोळे उघडे ठेवून, नजर एका जागी स्थिर करून करावं. डोळे मिटताच जुना प्रसंग उभा राहू शकतो.

रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांना तर सैल होणं घातकच, कारण त्यांचा रक्तदाब आधीच घसरत असतो. त्यांना स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांची उलटी पद्धत लागू पडते: हात, पाय, पोट १०-१५ सेकंद, चेहरा गरम होईस्तोवर आवळायचं, २०-३० सेकंद पूर्ववत व्हायचं, पण पूर्ण सैल पडायचं नाही. असं ५ वेळा.

भास होणाऱ्यांनी आणि आघातातून गेलेल्यांनी हे एकट्याने करू नये. अशा लेखाखाली ही सूचना आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा, ही विनंती.

आपली,
एक मानसोपचारतज्ज्ञ, पुणे