बेरिक इंग्लंडात, बेरिकशर स्कॉटलंडात

डन्स, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, ‘पत्त्यात बेरिकशर लिहितोस, मग नकाशात बेरिक इंग्लंडात कसं?’ तहसील कचेरीत जन्म घालवलेल्या माणसालाच हे खटकायचं! फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

ट्वीड नदीच्या मुखावरचं बेरिक म्हणजे एके काळी स्कॉटलंडचं भरभराटीचं बंदर आणि या काउंटीचं, म्हणजे बेरिकशर जिल्ह्याचं, मूळ ठाणं. 1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ते लुटलं, 1318 मध्ये रॉबर्ट ब्रूसने परत मिळवलं, 1333 मध्ये पुन्हा गेलं. अशी ओढाताण होत 1482 मध्ये ते इंग्रजांकडे गेलं ते कायमचंच. मुलूख मात्र स्कॉटलंडातच राहिला, तोही गेलेल्या गावाचं नाव लावून.

मग ठाण्याच्या मानासाठी डन्स आणि ग्रीनलॉ यांच्यात जुंपली. मार्चमाँटच्या ह्यूम घराण्याचं वजन ग्रीनलॉच्या पारड्यात पडलं आणि 1696 च्या कायद्याने त्याचा मान पक्का झाला. 1830 च्या सुमारास तिथे खांबांची, घुमटाची टोलेजंग कचेरी उठली. एवढ्याशा गावात ती बघून मला हसूच आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठाणं डन्सला आलं.

कारभार म्हणाल, तर 1667 मध्ये जमिनीवरचा कर गोळा करायला जमीनदारांचं मंडळ नेमलं होतं. हळूहळू बरीचशी कामं त्याच्याकडेच आली. निवडून दिलेली काउंटी कौन्सिल 1889 च्या कायद्याने मिळाली, आपल्या जिल्हा परिषदेसारखी. तीही 16 मे 1975 ला बरखास्त. बॉर्डर्स विभागात बेरिकशर नावाचा छोटा डिस्ट्रिक्ट उरला, लॉडरकडचा भाग शेजाऱ्याला गेला. 1996 मध्ये डिस्ट्रिक्टही संपला. आता सगळ्या बॉर्डर्सची एकच कौन्सिल, आणि तिचं मुख्यालय न्यूटाउन सेंट बॉस्वेल्सला, म्हणजे शेजारच्या जुन्या रॉक्सबरोशर काउंटीमध्ये!

पण दप्तर कुठे मरतं? 1617 पासूनच्या जमिनीच्या नोंदवहीची विभागणी काउंटीवार. नव्या नोंदणीतही इथल्या मालमत्तेच्या क्रमांकाआधी ‘बीईआर’ ही अक्षरं असतात. राजाचा प्रतिनिधीही अजून बेरिकशरच्या नावाने नेमतात.

तुमच्या नोकरीत तालुका फुटला, तेव्हा जुने फेरफार कोणत्या कचेरीत ठेवले होते? सविस्तर कळवा. आईच्या गुडघ्याचंही लिहा. फोनवर ती नुसतं ‘बरं आहे’ म्हणते.

आपला,
संजू