मुंबईत उतरायचं कुठं, ते आधी ठरव मनू

प्रिय मनू,

तू काल पाठवलेल्या चारही लिंक मी बघितल्या, रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला. फोनवर बोलायला गेलं की बाबा मधे बोलतात, मग तू चिडतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून सगळं टाईप करूनच पाठवतेय. मोठं होणार आहे, पण सगळं वाच, जेवताना वाच हवं तर.

पहिलं म्हणजे मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवसापासून मला नीट झोप नाही इतका आनंद झालाय. अणुशक्तीनगरला, अणुऊर्जा खात्याच्या वसाहतीत, बोलावणं येणं साधी गोष्ट नाही, तुझ्या बाबांनी तर अख्ख्या बार्शीत सांगून झालंय. पण आता सोमवारी सकाळी तू त्या गेटवर वेळेत, झोप झालेली आणि कोरड्या कपड्यात उभी पाहिजेस, मला सध्या एवढंच दिसतंय आणि ते तू कुठं उतरतेस त्यावर आहे.

बाबा म्हणतात बदलापूरला काकांचं घर असताना हॉटेल कशाला. त्यांचं चुकत नाही, आपल्यात असंच आहे, आणि काका-काकू जीव लावतात. तरी मी नको म्हणतेय, आणि का ते तुला आजपर्यंत कधी नीट सांगितलं नाही.

१९९९ च्या जुलैत अण्णांना घेऊन आम्ही टाटा हॉस्पिटलला गेलो होतो. तुझा जन्म व्हायचा होता. बार्शीच्या डॉक्टरांनी तपासून परळला घेऊन जा म्हणून सांगितलं. तेव्हा बार्शीला मोठी रेल्वे नव्हती, छोट्या गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत जायचं आणि तिथून रात्री मुंबईची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची. मी, तुझे बाबा आणि अण्णा. मुंबईत ओळखीचं घर एकच, बदलापूरचं, मग तिथंच गेलो. एक खोली आणि किचन, त्यांची चार माणसं, आम्ही तीन, आणि काकू पहाटे चारला उठून आमचा डबा करायची. कुणाची काही चूक नव्हती गं. पण अण्णांना रोज लाईट घ्यायला जायचं होतं, म्हणजे रेडिएशन, आणि वेळ सकाळची. बदलापूरवरून सीएसटी जवळजवळ ६८ किलोमीटर, परळ त्याच्या थोडं अलीकडं. आम्हाला वाटलं लोकल आहे की, तास-सव्वा तासात पोचू. सकाळची ती लोकल कशी असते ते आम्हाला माहीत नव्हतं. माणूस आत शिरत नाही, माणसाला आत ढकलतात. फास्ट गाडी परळला थांबत नाही हेही माहीत नव्हतं, मग दादरला उतरायचं, जिना चढायचा, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचं, परत स्लो धरायची. आणि अण्णांचं वजन तेव्हा ४२ किलो.

पाचव्या दिवशी पाऊस लागला. गाडी कुर्ल्याच्या अलीकडं थांबली ती थांबलीच, पुढं रुळावर पाणी. दीड तास आम्ही उभे, मग कुणीतरी अण्णांना बसायला जागा दिली, पण तोपर्यंत त्यांचे पाय थरथरायला लागले होते. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्या दिवसाची वेळ निघून गेलेली. येताना दादरच्या जिन्यावर ते मधेच बसले, चक्क जिन्यावर, लोक बाजूनं चाललेत आणि ते कठड्याला धरून बसलेत. मला म्हणाले, "ताई, मला घरी ने." अख्ख्या आजारात त्यांच्या तोंडून आलेली तक्रार ही एवढीच.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या रांगेत जळगावकडची एक बाई भेटली, तिनं सांगितलं की दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पेशंटची फाईल दाखवून विचारा. दोन दिवसांनी जागा मिळाली. सतरंजी टाकायला जागा, माफक पैसे, आजूबाजूला सगळी आपल्यासारखीच माणसं. तिथून टाटाला टॅक्सीनं दहा मिनिटं. वाटेतल्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं त्या दिवशीसुद्धा आम्ही हळूहळू वाट काढत वेळेत पोचलो. अण्णा तिथं राहिले त्या तीन आठवड्यांत थोडं जेवायला लागले, कारण दिवसाचे पाच तास प्रवासातले वाचले आणि ते झोपायला मिळाले. औषध तेच, डॉक्टर तेच, फक्त राहायची जागा बदलली. पुढं चार वर्षं ते आपल्यात होते, तुला मांडीवर घेतलं त्यांनी.

तर म्हणून सांगतेय, बदलापूर नको. तुला तिथून कुर्ल्याला उतरून हार्बर लाईनची गाडी बदलून मानखुर्दला जायचं, अणुशक्तीनगरला तिथंच उतरावं लागतं, तेही सोमवारी सकाळी, तेही पावसाळ्यात. काकूला मी स्वतः फोन करते, तिला वाईट वाटणार नाही याची जबाबदारी माझी. मुलाखत झाली की निवांत एक दिवस जाऊन ये त्यांच्याकडं.

आता तुझ्या लिंका. कुलाब्याचं हॉटेल, समुद्र दिसणारी खिडकी, तुझं मन तिथं गेलंय ते मला कळतंय. पण कुलाब्याला लोकलचं स्टेशन नाही. तिथून बस नाहीतर टॅक्सीनं सीएसएमटीला, म्हणजे आधीच्या सीएसटीला, ये, मग हार्बर लाईन धर, आणि हार्बरला फास्ट गाडी असा प्रकारच नाही, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा करत करत मानखुर्दपर्यंत चौदा स्टेशनं. सकाळी त्या दिशेला गर्दी कमी असते हे खरं आहे, सगळं जग उलटं सीएसएमटीकडं येत असतं. पण पाऊस झाला की कुर्ला-चुनाभट्टीच्या आसपास पाणी भरतं आणि हार्बर बंद पडते, आणि मग कुलाब्यातून तुला दुसरा रस्ता काय, टॅक्सी करून पाण्यातून जाणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, लोक रात्रभर रस्त्यावर चालत होते. रोज तसा होत नाही, पण जुलै आहे हे विसरू नको.

दुसरी लिंक अंधेरीची, एअरपोर्टजवळची. फोटो चांगले आहेत, पैसेही बरे. पण मुंबईच्या मॅपवरचं अंतर बघून फसायला होतं. गाव उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि लोकल पण तशाच उभ्या धावतात, त्यामुळं एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर आडवं जायचं म्हणजे खरा वेळ तिथं जातो. अंधेरीतून मेट्रोनं घाटकोपर, घाटकोपरवरून लोकलनं कुर्ला, कुर्ल्याहून हार्बरनं मानखुर्द, तीन गाड्या झाल्या, तीन ठिकाणी जिने. कुठंही राहायचं असलं तरी मुंबईत पहिला प्रश्न हाच विचार, की माझं काम कुठल्या लाईनवर आहे आणि राहायचं ठिकाण त्याच लाईनवर आहे का. किती किलोमीटर ते नंतर.

वाशीचं त्या मानानं चांगलं आहे, मानखुर्दच्या पुढचंच स्टेशन, मधे फक्त खाडी. पण सकाळी पनवेल-वाशीकडून मुंबईत येणारी गर्दी त्याच दिशेला असते, आणि रस्त्यानं यावं तर खाडीपुलावर ट्रॅफिक. वाशी दुसऱ्या नंबरला ठेव, चेंबूरला काही मिळालंच नाही तर.

माझं मत चेंबूर. तुझी चौथी लिंक तीच आहे आणि ती तू सगळ्यात शेवटी टाकलीस, "बोरिंग आहे" असं लिहून. बाळा, चेंबूरवरून गोवंडी आणि मग मानखुर्द, दोन स्टेशनं. आणि लोकल बंद पडली तरी रिक्षा आहे. हे पण लक्षात ठेव, रिक्षा मुंबईत सगळीकडं चालत नाहीत, सायन आणि माहीमच्या खाली फक्त टॅक्सी. चेंबूरला रिक्षा मिळते, मीटरनं मिळते, गेटपर्यंत सोडते. खायला साधं मिळतं, इडली-डोशाची जुनी हॉटेलं भरपूर आहेत तिकडं, मुलाखतीच्या आदल्या रात्री पोटाला तेच बरं. रात्रीला पाचशे-सातशे रुपये जास्त गेले तरी चालतील, मी भिशीतले काढून ठेवलेत.

आणि गाडीचं. तू रविवारची वंदे भारत बघितलीस ना, ती साडेबाराच्या सुमाराला मुंबईत पोचते, आणि रविवारी हार्बरला बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, दुपारच्या वेळीच. म्हणजे तू बरोबर ब्लॉकमध्ये बॅग घेऊन उभी. शनिवारची धर. दादरला उतर, सीएसएमटीपर्यंत जायची गरजच नाही, तिथून टॅक्सी कर सरळ चेंबूरला. रूम बाराला मिळतात, तू पोचेपर्यंत एक वाजेल, बसून राहायला नको. रात्रीच्या सिद्धेश्वरनं गेलीस तर पहाटे पोचशील आणि बारापर्यंत बॅग घेऊन कुठं बसणार, तुझ्या मावसबहिणीचं तसंच झालं होतं, रिसेप्शनवाल्यानं सहा तास बाकड्यावर बसवलं. मग रविवारी रिक्षानं जाऊन एकदा गेट बघून ये, कुठल्या गेटला जायचं ते पत्रात नीट वाच, तिथल्या वॉचमनला विचार. परत येऊन झोप.

बुकिंग करायच्या आधी हॉटेलला फोन करायचा, नुसतं ॲपवर विसंबायचं नाही. एकटी मुलगी आहे, रूम देता का, असं सरळ विचार. पैसे भरून दारात गेल्यावर "सिंगल लेडीजला देत नाही" म्हणणारे आहेत, आपल्या ओळखीतल्या एकीला रात्री दहाला असं बाहेर काढलं होतं एका लॉजनं, ॲपवर तर कन्फर्म दाखवत होतं. रूमला खिडकी आहे का विचार, मुंबईत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास देतात आणि फोटोत पडदा लावलेला असतो, पडद्यामागं भिंत. आतून कडी आहे का, नुसतं कार्डाचं लॉक नको. चेकआऊट बाराला की चोवीस तास. पावसाळ्यात हॉटेलसमोरच्या गल्लीत पाणी साचतं का, हे तर विचारच, चेंबूरमध्ये पण काही भागात साचतं. फोनवर कसं बोलतात त्यावरून पण अर्ध कळतं. रिव्ह्यू वाचताना चांगले सोड, मागच्या दोन-तीन महिन्यांतले वाईट रिव्ह्यू वाच, आणि त्यात बायकांनी लिहिलेले आधी. ओरिजिनल आधार जवळ ठेव, पण हातातून सोडू नको, झेरॉक्स दे. रूमवर गेलीस की व्हिडिओ कॉल कर, बाबांना नाही, मला.

सोमवारी मुलाखत झाली की मग तुझा समुद्र. तुझी मैत्रीण येणार आहे ना दोन दिवस, मग चेंबूर सोडा आणि फोर्ट नाहीतर गिरगावकडं या. एकाच हॉटेलात पाच दिवस काढायचा अट्टाहास कशाला, काम बदललं की जागा बदलायची. कुलाब्यात मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाऊस आहे, तिथं आत्ताच फोन कर, लवकर भरतं. ते नाही मिळालं तर चर्नी रोड स्टेशनच्या आसपास बघा, गिरगाव चौपाटी पायी. त्या भागात राहिलात की गेटवे, म्युझियम, मरीन ड्राईव्ह, सगळं चालत नाहीतर एक बस. सिद्धिविनायकाला जायला आता भुयारी मेट्रो झालीय, २०२५ च्या ऑक्टोबरपासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे, गिरगावात बसायचं आणि सिद्धिविनायकला उतरायचं, बदलायची भानगड नाही. एलिफंटा पावसात नको, आणि सोमवारी तसंही बंद असतं. भरतीच्या वेळी मरीन ड्राईव्हच्या कठड्यावर चढायचं नाही, लाटा आत घेतात. भरती किती वाजता ते पेपरात येतं, बघून जा. परत येताना मात्र रात्रीची सिद्धेश्वर बरी, सीएसएमटीवरूनच सुटते, शेवटचा दिवस अख्खा फिरायला मिळतो, बॅगा क्लोकरूमला टाका.

अण्णांना आम्ही नंतर एकदा मरीन ड्राईव्हला नेलं होतं, लाईट संपली त्या दिवशी. धर्मशाळेतून टॅक्सी केली, बाबांकडं परतीचेच पैसे होते तरी केली. ते अर्धा तास नुसतं बघत बसले, मग म्हणाले, एवढं पाणी आणि आपल्याकडं टँकर. तू गेलीस की भरती नसताना त्या कठड्यावर थोडा वेळ बस, आणि मला फोटो पाठव.

आज संध्याकाळपर्यंत चेंबूरच्या दोन हॉटेलांना फोन कर आणि काय म्हणाले ते जसंच्या तसं मला लिही. वंदे भारतचं तिकीट शनिवारचं करून घे, वेटिंग दाखवत असेल तर लगेच कळव, मग सिद्धेश्वरचं बघू. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाल, पावसात कापडी बॅग टिकत नाही. चपलांचा एक जास्तीचा जोड घे.

तुझी
आई