कोना दहा टक्के, नाव मात्र शंभर टक्के

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हवाई बेटांच्या प्रवासावर लेख आला होता, त्यात शेवटी 'येताना कोना कॉफी आणायला विसरू नका' असं एक वाक्य होतं (कोना म्हणजे तिथल्या कोना पट्ट्यात पिकणारी कॉफी) आणि माझं दुखणं नेमकं त्याच वाक्याशी आहे. लेख छान, फोटो तर फारच छान, पण कॉफी आणा म्हणताना पाकिटावर काय वाचायचं ते सांगितलं नाही तर लोक फसतात. आम्ही फसलोय म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी वहिनी तिकडे फिरून आली, आमच्यासाठी एक पाकीट घेऊन आली. सोनेरी कागद, ज्वालामुखीचं चित्र आणि मधोमध भलं मोठं 'कोना'. मी आठवडाभर घरी येईल त्याला 'ज्वालामुखीवरची आहे बरं का' म्हणत पाजली. मग एक दिवस चष्मा लावून पाकीट नीट वाचलं, तर त्या मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक 'ब्लेंड', म्हणजे मिश्रण, आणि 10 टक्के! म्हणजे शंभर ग्रॅममध्ये दहा ग्रॅम कोना, बाकीची नव्वद कुठली ते देव जाणे. दुधात पाणी घालतात हे ऐकून होतो, इथे पाण्यात दूध निघालं.

बरं हे बेकायदा पण नाही. हवाई राज्याच्या 1991 च्या कायद्यानेच 10 टक्के कोना असली तरी नाव लावायची मुभा दिली, फक्त टक्केवारी छापायची. तिथले शेतकरी कित्येक वर्षं याच्या विरोधात बोंबलतायत, शेवटी 2024 मध्ये कायदा बदलला आणि 1 जुलै 2027 पासून निदान 51 टक्के लागणार आहे. पण म्हणजे तेव्हाही 49 टक्के दुसरी कॉफी चालणारच की! आणि हा कायदा हवाईपुरता, अमेरिकेच्या बाकी राज्यांतल्या विक्रेत्याला तो लागू होत नाही.

एवढा त्रागा कशाला असं कोणी म्हणेल. तर हा कोना पट्टा फार छोटा आहे हो, हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या, बिग आयलंडच्या पश्चिम अंगाला हुआलालाई आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींच्या उतारावर साधारण तीस मैल लांब आणि जेमतेम एक-दोन मैल रुंद. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर डोंगरावर ढग येऊन बसतात म्हणजे झाडांना आयती सावली, खाली लाव्हाचा खडक त्यामुळे मुळाशी पाणी थांबत नाही. 1828 मध्ये सॅम्युअल रगल्स नावाच्या मिशनऱ्याने इथे पहिली झाडं लावली, पुढे जपानहून मजुरीला आलेल्या कुटुंबांनी लहान लहान जमिनी खंडाने घेऊन ही शेती टिकवली. त्यांचं 'होशिदाना' बघण्यासारखं असतं. बिया वाळवायची लाकडी माची आणि तिच्यावर चाकांचं छप्पर, पावसाचा थेंब पडला की छप्पर ढकलायचं, ऊन आलं की परत मागे. तोडणीला घरची पोरं लागायची म्हणून तिथल्या शाळांची मोठी सुट्टीसुद्धा ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी असायची, 1969 पर्यंत.

तोडणी अजूनही हातानेच. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल अशी सगळी फळं असतात, त्यातलं फक्त लाल तोडायचं आणि काही दिवसांनी परत त्याच झाडाशी यायचं. सात-आठ पौंड फळांमागे भाजलेली कॉफी एक पौंड, आणि मजुरी अमेरिकेतली. त्यात 2010 मध्ये फळ पोखरणारा भुंगेरा आला, 2020 मध्ये तांबेरा हा पानांचा रोग. अस्सल कोना पौंडाला चाळीस-पन्नास डॉलरला जाते ती काय उगीच?

आता एवढा भाव म्हटल्यावर लबाडी आलीच. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापाऱ्याची भानगड बाहेर पडली, पठ्ठ्या पनामा आणि कोस्टा रिकाची कॉफी कोनाच्या पोत्यांत भरून विकत होता. 2019 मध्ये तर शेतकऱ्यांनीच बऱ्याच विक्रेत्यांना सिएटलच्या कोर्टात खेचलं, की तुम्ही कोना म्हणून जे विकता त्यात कोना नाहीच. मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे पुरावा. कॉफी भाजल्यावर चवीवरून कोण शपथेवर सांगणार? पण झाड जमिनीतून जे धातू उचलतं ते भाजून उडून जात नाहीत, म्हणून स्ट्रॉन्शियम, झिंक, बेरियम, निकेल अशांचं एकमेकांशी प्रमाण लॅबमध्ये मोजलं आणि अस्सल कोनाच्या नमुन्यांशी ताडून बघितलं. पुढे तडजोडी झाल्या, सगळ्या मिळून चार कोटी डॉलरच्या वर.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या अंकात एवढी एक चौकट टाका, की पाकिटावर '100 टक्के कोना' छापलंय का ते बघा, 'ब्लेंड', 'रोस्ट', 'स्टाइल' असं काही दिसलं तर पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा, आणि जमलं तर थेट मळ्यावरूनच घ्या, तिथले बरेच शेतकरी स्वतःच भाजून विकतात.

आणि कृपया माझं नाव छापू नका. वहिनीकडे हाच पेपर येतो आणि तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

आपला,
एक नियमित वाचक