‘काळजी घ्या’ म्हणजे नेमकं काय करा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऋतू बदलला की आपल्या दैनिकात एक चौकट येते. ‘पावसाळ्यात वाहन सावकाश चालवा’, ‘उन्हाळ्यात अन्नाची काळजी घ्या’, ‘थंडीत खिडकी उघडी ठेवा’. चौकटीत चूक काहीच नसते. पण ती वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा हात वेगळं काही करत असेल, असं मला वाटत नाही. मी डबे करून देते आणि ते पोचवायला गाडीही मीच चालवते, त्यामुळे शेगडी आणि स्टिअरिंग दोन्हींशी माझी रोजची गाठ. हवा पालटली तरी हात मागच्या महिन्यातल्यासारखाच चालत राहतो, आणि घात बहुतेक वेळा तिथेच होतो. हाताला वळण लावायचं तर ‘काय करा’च्या शेजारी ‘का करा’ हेही छापायला हवं. त्यासाठीच हे पत्र.

दमट हवेतला लायटर घ्या. कोरड्या दिवसांत पहिल्या खटक्याला बर्नर पेटतो, म्हणून आपण आधी नॉब फिरवतो. पावसाळी हवेत ठिणगी पडत नाही, तरी नॉब उघडाच ठेवून खटखट चालू राहते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, ओट्यावरून खाली उतरतो आणि पायाशी साचतो. मग एकदाची ठिणगी पडते, तेव्हा पेट फक्त बर्नर घेत नाही. दोन खटक्यांत पेटलं नाही तर नॉब बंद करायचा, खिडकी-दार उघडायचं, थोडं थांबायचं आणि मगच पुन्हा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस मात्र हलका असतो, तो छताकडे जमतो. दोन्हींच्या बाबतीत वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण बटणातही ठिणगी पडते. तो वास मुळात गॅसचा नव्हेच, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वास घ्यायला सांगावं! आणि वाऱ्यावादळाच्या दिवशी बारीक आचेवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. झुळकीने आच विझते, गॅस येतच राहतो.

गारठा पडला की घरोघरी तळणाच्या कढया चढतात. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर माणूस पहिल्यांदा नळाकडे धावतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. पेटतं तेल उडतं ते त्यामुळे. गॅस बंद करायचा, कढईवर घट्ट झाकण सरकवायचं आणि कढई पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही. पेटती कढई उचलून बाहेर न्यायची तर मुळीच नाही. तळायला बसताना झाकण हाताशी हवं, हा माझा नियम. ते कुठल्या तरी कपाटात आहे एवढं माहीत असून त्या वेळी भागत नाही.

आता रस्त्यावर. पावसाळ्यात काच धुरकट होते ही सगळ्यांची तक्रार, आणि माझ्या गाडीत गरम डब्यांची वाफ असल्यामुळे मला ती जरा जास्तच छळते. पण धुरकटपणा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत, हे चौकटीत कधी छापून आलेलं नाही. आधी बोट फिरवून बघा. आतून पुसलं गेलं तर श्वासाची, ओल्या कपड्यांची, अन्नाची वाफ गार काचेवर धरली आहे. मग आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची, एसी चालू ठेवून हवेचा झोत काचेवर सोडायचा. एसी गारव्याबरोबर हवेतला दमटपणाही काढून घेतो. तापमान वर केलं तर आणखी लवकर निवळतं. आतून बोट फिरवून काही फरक पडला नाही, तर वाफ बाहेरून धरली आहे. बाहेर उकाडा, आत कडक एसी, म्हणून काच गार पडलेली असते. तेव्हा झोत काचेवरून काढायचा, एसी कमी करायचा आणि वायपर फिरवायचा. अशा वेळी एसी वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. काच आणखी पांढरी होते आणि हे आणखी वाढवतात. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, ते पावसाच्या आधीच बदलावं, एवढंच त्याबद्दल.

पहिल्या सरीतला रस्ता भर पावसाळ्यातल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. कोरड्या महिन्यांत साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते, धुऊन जायला वेळ लागतो. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर ओल्यावर चार ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागायचं, ते आपण त्याच खांबापाशी पोचेपर्यंत. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर आला आहे असं समजावं. ब्रेक दाबायचा नाही, चाक वळवायचं नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून सरळ धरून ठेवायचं. हे पाणी कापण्याचं काम टायरच्या खाचांचं. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा आहे, पण तिथवर झिजू देणं हे माझ्या मते कंजूषपणाचं लक्षण.

उन्हाळ्यात शेगडी आणि गाडी एकमेकींना भेटतात. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून ते बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असा नियम आहे आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली तर हाच वेळ एका तासावर येतो. उन्हात उभ्या गाडीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते, त्यामुळे मागच्या सीटवर विसावलेला डबा घड्याळ लावूनच मोजावा. ‘पुन्हा उकळलं की झालं’ हेही पुरतं खरं नाही. जंतू मरतात, पण त्यांपैकी काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो, ते उथळ भांड्यांत काढावं. त्याच गाडीत लायटर किंवा स्प्रेचा डबा ठेवू नये हे सांगायला नको. आणि पाच मिनिटांसाठीही मूल ठेवू नये, हे मात्र दरवर्षी सांगायलाच हवं.

थंडीत बंद खोलीत कोळसा पेटवणं आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं, या दोन्हींत एकच गोष्ट मारते : कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, सगळी लक्षणं साध्या आजारपणाची. घरातल्या सगळ्यांना एकदमच तसं होऊ लागलं तर आधी बाहेर पडायचं, औषध नंतर. धुक्यात अप्पर लावला तर पाण्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांत परत फेकतात, म्हणून दिवा डिपरवरच ठेवावा आणि कडेची रेघ धरून जावं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना हात जोडून विनंती : तुम्ही थांबला आहात की वळणार आहात, मागच्याला काही कळत नाही.

शेवटी एक मागणी आपल्याकडे. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दोन्ही बाजूंना पाणी उडवत जाणाऱ्या गाडीचा फोटो येतो. फोटो देखणा असतो. पण साधारण ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरच्या वाहत्या पाण्यात बहुतेक वाहनं वाहून जातात. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारल्याने पिस्टनचा दांडा वाकू शकतो, कारण हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. यंदा फोटो छापाल तेव्हा खाली पाणी किती खोल होतं तेही छापा. छायाचित्रकाराला ते माहीत नसेल तर तसं लिहा, कारण गाडी चालवणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक